वामन नावाच्या चार मात्रा

परळीहून तेलगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिरसाळा लागतं. परळी तालुक्यातलं बाजाराचं गाव. मार्च सरता सरता साखर कारखान्यांचे पट्टे पडतात, गाळप थांबतं, आणि ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात गेलेली माणसं बिऱ्हाड, लेकरंबाळं घेऊन या भागात परतायला लागतात. नेमक्या त्याच दिवसांत वस्त्यावस्त्यांत चौदा एप्रिलच्या आंबेडकर जयंतीची तयारी सुरू होते. वर्गणी, निळ्या पताका, मिरवणुकीची गाडी, आणि दिवसभर वाजणारी भीमगीतं.

ही गाणी कान देऊन ऐकली तर एक गोष्ट ध्यानात येते. गाणारे बदलतात, वाद्यं बदलतात. एखादं गाणं पेटी-ढोलकीवर असतं, एखादं डीजेच्या ठोक्यावर. पण कितीतरी गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात एकच नाव येतं, ‘वामन’. गायक स्वतःचं नाव सांगत नाही, कॅसेटची कंपनी कवीचं नाव छापायला विसरते, मिरवणुकीतल्या पोराला गाणं कुणी लिहिलं ते ठाऊक नसतं. तरीही ते पोर शेवटच्या कडव्याला कवीचं नाव स्वतःच्या तोंडाने घेतं, कारण ते घेतल्याशिवाय ओळ पुरीच होत नाही.

हे वामन म्हणजे वामन तबाजी कर्डक, अवघ्या महाराष्ट्राचे वामनदादा. त्यांनी रचलेल्या गाण्यांचा आकडा दहा हजारांच्या घरात सांगितला जातो. आकडा बाजूला ठेवला तरी मला थक्क करणारी गोष्ट वेगळीच आहे. ज्यांच्यापर्यंत वही, छापखाना, ग्रामोफोन यांतलं काहीच पोचलेलं नव्हतं, अशा माणसांच्या तोंडी ही गाणी बसली आणि टिकली. हे कसं घडलं? गाण्याची बांधणी कशी असली म्हणजे ते कागदाशिवाय चालतं?

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२चा, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावचा. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी त्यांना बरोबर पंचविसावं वर्ष पुरं झालं. आईचं नाव सईबाई. घर महाराचं, गाव कोरडवाहू, आणि शाळेची पायरी चढायचा प्रश्नच आला नाही. पण ते ज्या जिल्ह्यात वाढत होते, तो त्या वर्षांत धगधगत होता. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षं चालला. १३ ऑक्टोबर १९३५ला, त्याच जिल्ह्यातल्या येवल्याला, बाबासाहेब आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. वामन तेव्हा तेरा वर्षांचा होता. आपल्याच मुलखात माणसं पाण्यासाठी, देवळासाठी, मानासाठी उभी राहताहेत, ही हवा त्याने लहानपणीच छातीत भरून घेतली.

पुढे पोटासाठी मुंबई. शिवडीची बीडीडी चाळ, गिरणी, कोळशाची वखार, मिळेल ते काम. चाळीतच समता सैनिक दलाशी संबंध आला. आणि तिथेच तो प्रसंग घडला, जो वामनदादा पुढे आयुष्यभर सांगत राहिले. कुणीतरी एक पत्र त्यांच्या हातात देऊन वाचून दाखवायला सांगितलं. धडधाकट तरुण माणूस, चांगले कपडे, पाहणाऱ्याला वाटलं याला वाचता येत असणार. वाचता येत नव्हतं. ती शरम त्यांच्या इतकी जिव्हारी लागली की ते एका मास्तरांकडे जाऊन अक्षरं गिरवू लागले. मग रस्त्याने जाता-येता दुकानांच्या पाट्या अक्षरं लावून वाचायचा सराव. पाटी हेच पुस्तक. मुंबईच्या रस्त्यावर अक्षरं जोडत जोडत वाचायला शिकलेला हा माणूस ३ मे १९४३ रोजी आपलं पहिलं गाणं लिहितो.

ते गाणं एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर होतं. पुष्कळ जाणकार इथे थोडं नाक मुरडतात. चाल उसनी, मग त्यात कवीचं ते काय? मला उलट वाटतं की वामनदादांच्या गाण्याचं पहिलं बळ इथेच आहे, आणि ते समजायला जरा लांब, अमेरिकेत जाऊन यावं लागेल.

तिकडे ज्याला कंट्री म्यूझिक म्हणतात, ते म्हणजे डोंगरातल्या, शेतातल्या, खाणीतल्या गोऱ्या गरिबांचं गाणं. त्याचा बाजारातला जन्म १९२७ सालचा मानतात. त्या उन्हाळ्यात राल्फ पीअर नावाचा माणूस व्हिक्टर कंपनीचं ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात उतरला. आसपासच्या खेड्यांतून गाणारे आले. त्यांत कार्टर कुटुंब होतं, जिमी रॉजर्स होता. पुढचा सगळा धंदा त्यांच्या पायावर उभा राहिला. याच परंपरेच्या काठावर ओक्लाहोमाचा वुडी गथ्री उभा राहतो. जन्म १९१२चा, म्हणजे वामनदादांहून दहा वर्षांनी मोठा. अवर्षणाने आणि धुळीच्या वादळांनी उठवलेली, घरदार सोडून कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत मजुरीला गेलेली माणसं हा त्याच्या गाण्यांचा विषय. बीड जिल्ह्यातल्या वाचकाला हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. याच गथ्रीने १९४०मध्ये ‘धिस लँड इज युअर लँड’ हे गाणं लिहिलं, जे आज तिकडे शाळाशाळांत म्हणतात. त्याची चाल कार्टर कुटुंबाच्या एका जुन्या ध्वनिमुद्रणावरून घेतलेली आहे. पुढे तीन वर्षांनी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, गथ्रीचं नावही ऐकलं नसण्याची शक्यता असलेला शिवडीचा एक कामगार तीच युक्ती वापरतो.

युक्ती अशी. ऐकणाऱ्याच्या कानाला एका वेळी दोन नव्या गोष्टी पेलत नाहीत. चाल नवी आणि शब्दही नवे असले की पहिल्यांदा ऐकताना मन चालीमागे धावतं आणि शब्द निसटतात. चाल आधीच घरची असली की सगळं लक्ष शब्दांकडे मोकळं होतं. शिवाय चाल येत असल्यामुळे माणूस त्याच रात्री ते गाणं परत म्हणू शकतो. त्याला गुरू नको, पेटी नको, स्वरलिपी नको. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर भीमगीतांच्या ज्या पातळ चोपड्या विकायला असतात, त्या उघडून पाहा. गाण्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात चाल दिलेली असते, अमुक चित्रपटातलं अमुक गाणं. तेवढी एक ओळ म्हणजे त्या गाण्याचं सबंध संगीत. बाकीचं वाचणाऱ्याच्या डोक्यात असतंच.

वामनदादा नंतर स्वतःच्याही चाली बांधू लागले, गझल लिहू लागले, लावणीच्या अंगाने जाऊ लागले. पण आधी माहितीच्या वाटेवरून माणसाला बोलवायचं आणि मग नवीन जागी न्यायचं, ही पद्धत त्यांनी सोडली नाही.

ही वाट त्यांच्या आधीच पडलेली होती. महात्मा फुल्यांच्या विचारांचे सत्यशोधक जलसे गावोगाव फिरले होते. तमाशाचाच बाज, तीच ढोलकी, तेच तुणतुणं, पण आतला ऐवज बदललेला. त्याच धर्तीवर आंबेडकरी जलसे निघाले. त्यांतलं एक मोठं नाव भीमराव कर्डक, तेही नाशिकचेच. आडनाव सारखं म्हणून पुष्कळजण दोघांची गल्लत करतात, पण माणसं वेगळी. भीमराव वयाने बरेच मोठे, १९३०च्या दशकात त्यांचा जलसा जोरात होता, आणि त्यांनी लिहिलेलं ‘आंबेडकरी जलसे’ हे पुस्तक या परंपरेची मुळं शोधणाऱ्याने वाचायलाच हवं. आपल्या दहा सभांचं काम कर्डकांचा एक जलसा करतो, अशा अर्थाचे उद्गार बाबासाहेबांनी काढल्याची आठवण चळवळीत आजही सांगितली जाते.

जलशाला माणसं पुष्कळ लागत. नाच्या, सोंगाड्या, वग, बतावणी. १९५६ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली आणि दोनच महिन्यांत, ६ डिसेंबरला, ते गेले. त्यानंतरच्या काळात गाण्याचं रूप आटोपशीर झालं. गायन पार्टी आली. एक गायक, पेटी, ढोलक, बेंजो, मागे कोरस धरायला तीन-चार जण. कव्वालीचा ठसका त्यात उतरला, दोन पार्ट्यांचे सामने रात्रभर रंगू लागले. श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे असे खडे आवाज या वातावरणात तयार झाले. गायन पार्टी एका बैलगाडीत मावायची, एसटीच्या मागच्या बाकड्यावर मावायची. फिरणं सोपं झालं आणि गाणं लांबच्या वस्तीवर पोचलं.

आता गाण्याच्या पोटात शिरू.

भीमगीतं बहुतेक केरव्यात असतात. आठ मात्रांचा ठेका, धा गे न ति, न क धि न. चार आणि चार. ढोलकीवाला हे आवर्तन रात्रभर न थकता फिरवतो. आता बोटांवर मोजा. मराठीत ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. ‘वा’ दोन, ‘म’ एक, ‘न’ एक. झाल्या चार. म्हणजे ‘वामन’ हे नाव केरव्याच्या अर्ध्या आवर्तनात चपखल बसतं. एक कण शिल्लक राहत नाही की कमी पडत नाही. ‘कर्डक’ घ्या. जोडाक्षरावर आघात पडून पहिला ‘क’ गुरू होतो, त्याच्या दोन, पुढे ‘ड’ आणि ‘क’ यांची एकेक. पुन्हा चार. ‘वामन कर्डक’ म्हटलं की आठ मात्रांचं एक आवर्तन पुरं. आईबापांनी नाव ठेवताना ढोलकीचा विचार केला असेल असं नाही, पण ठेक्यात इतकं फिट बसणारं नाव कवीला मिळणं ही त्याच्या गाण्याला लाभलेली देणगीच. (‘भीमराया’ मोजून पाहा. सात मात्रा भरतात. म्हणून गाताना शेवटचा ‘या’ एका मात्रेने लांबतो, आणि त्या लांबलेल्या ‘या’तच सगळा जिव्हाळा येऊन बसतो.)

शेवटच्या कडव्यात कवीने स्वतःचं नाव गुंफायचं, ही नाममुद्रेची रीत आपल्याकडे फार जुनी. अभंगाच्या शेवटी तुका येतो, जनी येते, चोखा येतो. शाहिरांच्या कवनात शाहिराचं नाव येतं. उर्दू गझलेच्या मक्त्यात शायराचं टोपणनाव येतं. वामनदादांना हे दोन्हीकडून मिळालं, भजनाच्या बाजूने आणि कव्वालीच्या बाजूनेही. नुसती रीत म्हणून पाळली असती तर त्यात आश्चर्य नव्हतं. पण त्यांच्या ओळीत ‘वामन’ हा शब्द भार पेलणारा असतो. तो काढला तर चार मात्रांचं भगदाड पडतं आणि ठेका अडखळतो. कधी त्या नावावर यमकाची मदार असते, कधी वाक्याचा कर्ताच तो असतो.

हे किती मोलाचं आहे ते कळायला पुन्हा कार्टर कुटुंबाकडे जाऊ. घरातला कर्ता ए. पी. कार्टर डोंगरदऱ्यांतून जुनी गाणी गोळा करत हिंडायचा. बरोबर लेस्ली रिडल नावाचा एक कृष्णवर्णीय गिटारवादक असायचा. कार्टर शब्द कागदावर उतरवून घ्यायचा आणि चाल रिडल डोक्यात ठेवायचा. घरी आल्यावर त्याने ती वाजवून दाखवायची. गाण्यांचे हक्क नोंदले गेले कार्टरच्या नावावर. रिडलचं नाव कितीतरी वर्षं जगाला ठाऊक नव्हतं. १९६०च्या दशकात लोकसंगीताचे अभ्यासक माइक सीगर त्याच्यापर्यंत पोचले तेव्हा कुठे ते उजेडात आलं. तिकडे कंपन्या होत्या, करार होते, हक्काचे कागद होते, आणि तरी एका माणसाचं नाव गळालं. इकडे कागद नव्हता, करार नव्हता. गाणं लिहिणारा ज्या समाजाचा होता त्याच्या नावावर काही लिहिलं जाण्याची शतकानुशतकं सवयच नव्हती. आणि तरी इथलं नाव शाबूत राहिलं, कारण ते गाण्याच्या ठेक्यातच बसवलेलं होतं. मी याचा विचार करतो तेव्हा मला खरोखर भरून येतं.

बांधणीतली दुसरी गंमत ध्रुवपदाची. प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ ध्रुवपदाच्या यमकाकडे वळते. कोरसमधल्या माणसाला सगळं गाणं पाठ असायची गरज नाही. त्या यमकाची चाहूल लागली की त्याला कळतं, आता आपली वेळ आली, आणि तो उचल घेतो. दोन कडव्यांनंतर समोर बसलेला अख्खा वाडा कोरस होतो. तिसऱ्या कडव्याला बाया पदर सावरून टाळ्या धरतात. आणि गाणं जिथे प्रश्नाच्या रूपात असतं, तिथे तर समोरचा जमाव उत्तर द्यायलाच बसलेला असतो. देशातल्या बड्या उद्योगपतींची नावं घेऊन, एवढ्या संपत्तीत आमचा वाटा कुठे आहे, असं विचारणारं वामनदादांचं गाणं प्रसिद्ध आहे. अर्थशास्त्रातला सर्वांत अवघड प्रश्न त्यांनी चावडीवर उभं राहून विचारावा तितक्या सोप्या बोलीत विचारला. त्यांना फक्त भीमस्तुतीचे कवी म्हणणाऱ्यांनी ही गाणी नीट ऐकलेली नाहीत. भूक, मजुरी, जमीन, बाईचं दुःख, समाजातल्या पुढाऱ्यांची भांडणं, सगळं त्यांच्याकडे आहे. आपल्याच माणसांना खडसावणारी गाणीही आहेत, आणि तीही लोक आनंदाने गातात.

चित्रपटाची वाट त्यांना मोकळी होती. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’मध्ये (१९५९) वामनदादांचं गाणं आहे. हा चित्रपट पुण्याच्या विजयानंदमध्ये शंभराहून अधिक आठवडे चालला, त्याचं संगीत वसंत पवारांचं, आणि त्यात ग. दि. माडगूळकरांचीही गाणी आहेत. अशा पंगतीत बसलेला कवी तिथेच राहिला असता तर कुणी दोष दिला नसता. दादा तिथे राहिले नाहीत. खांद्याला झोळी लावून ते पुन्हा गावांकडे निघाले आणि अनेक दशकं फिरत राहिले.

मराठवाडा या फिरण्यातला मोठा भाग. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत सिरसाळा काय, बीड काय, हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. मुंबई-नाशिककडे दलित चळवळीचे पेपर, परिषदा, वसतिगृहं सुरू होऊन काळ लोटला होता. इकडे औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय निघालं ते १९५०मध्ये, त्याचंच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. वाचता येणारी माणसं वस्तीत विरळ असताना विचार पोचवायचा कसा? भाषण एकदा होतं आणि वाऱ्यावर जातं. गाणं मात्र ऐकणाऱ्याबरोबर घरी जातं, दुसऱ्या दिवशी रानात जातं.

पुढे २७ जुलै १९७८ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली, कुटुंबं गावं सोडून गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. ही सोळा वर्षं ज्यांनी खेड्यात काढली त्यांना ठाऊक आहे की त्या काळात चारचौघांत भीमगीत म्हणायलाही छाती लागत होती. वामनदादांनी नामांतरावर गाणी लिहिली. घाबरलेल्या माणसांना एकत्र बसवणं हेच मुळात अवघड असतं. गाण्याचा कार्यक्रम हे एकत्र यायचं निमित्त होतं, आणि एकदा कोरसात आवाज मिसळला की शेजारी कोण बसलंय, आपण किती जण आहोत, हे कानालाच कळतं.

इथे आणखी एक धागा सांगायलाच हवा. सिरसाळ्याजवळच्या माजलगावात, भीमनगरातल्या बायांनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या १९९६च्या सुमारास ध्वनिमुद्रित झाल्या. गी पॉयतवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासक जोडीने महाराष्ट्राच्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांतलाच हा भाग. तो संग्रह आज ‘परी’ या संस्थेच्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतो. माजलगावच्या ओव्यांत भीमराव, म्हणजे बाबासाहेब, आहेत, रमाबाई आहेत, बुद्ध आहे. दळण संपेपर्यंत एकीला दुसरी जोडत जाणाऱ्या या ओव्यांना कवीचं नाव नाही. पहाटे जात्यावर बसलेली बाई आपली ओवी कुणी लिहून घेईल अशा अपेक्षेने म्हणत नव्हती. एकाच बीड जिल्ह्यात बाबासाहेबांविषयीच दोन तऱ्हांचं गाणं नांदत होतं. एक रात्रीचं, पेटी-ढोलकीवरचं, चौकातलं, बहुतेक पुरुषांचं, नाममुद्रेचं. दुसरं पहाटेचं, दगडाच्या घरघरीवरचं, घरातलं, बायांचं, निनावी. रात्री ऐकलेल्या गाण्यातली एखादी कल्पना पहाटे ओवीत उतरली असेल का, आणि ओवीतला एखादा शब्द वामनदादांच्या कानावर पडून गाण्यात गेला असेल का? मला वाटतं, एकाच वस्तीत दोन्ही गाणी चालत असताना तसं न होणंच अवघड होतं.

घरच्या आघाडीवर या माणसाला सुख थोडं मिळालं. पहिला संसार टिकला नाही. मीरा नावाची मुलगी लहानपणीच गेली. पुढे शांताबाईंनी साथ दिली. पुस्तकं निघाली ती फार उशिरा. ‘वाटचाल’ १९७३ला, ‘मोहळ’ १९७६ला, ‘हे गीत वामनाचे’ १९७७ला. पहिलं गाणं आणि पहिलं पुस्तक यांच्यात तीस वर्षांचं अंतर आहे, आणि त्या तीस वर्षांत गाणी सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी झालेली होती. छापील कवीचं आधी पुस्तक येतं आणि मग वाचक मिळतात. इथे हजारो माणसांना पाठ असलेलं गाणं कवी मागाहून छापतो. आत्मकथा ‘माझ्या जीवनाचं गाणं’ १९९६ची. त्याआधी १९९३मध्ये वर्ध्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना दिलं गेलं. पत्र वाचता न आल्याने खाली मान घातलेला तो तरुण सत्तरी ओलांडल्यावर साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय व्यासपीठावर उभा राहिला. १५ मे २००४ रोजी दादा गेले. प्रल्हाद शिंदेही त्याच वर्षी गेले.

१९८०च्या दशकात कॅसेट आली आणि गाण्याचा प्रवास बदलला. स्वस्त टेप, टपरीवर मिळणारी कॅसेट, एसटी स्टँडवरचं दुकान. आधी गाणं माणसातून माणसात जायचं, आता ते डबीत बसून जाऊ लागलं. नंतर सीडी, पेनड्राइव्ह, मोबाइल. ऊसतोडीला जाणाऱ्या ट्रॅक्टरवर मोठा आवाज करणारी पेटी असते आणि तिच्यात ही गाणी असतात. पाच-सहा महिने फडावर, पाचटाच्या कोप्यांत, परक्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला आपलं गाव कानावाटे भेटतं. यूट्यूबवर नवी पोरं वामनदादांची गाणी रॅपच्या अंगाने म्हणताहेत, कडवी गाळताहेत, ठेका दुप्पट करताहेत. मला त्यात वावगं वाटत नाही. दादांनी स्वतः चित्रपटाची चाल उचलूनच सुरुवात केली होती. फक्त एक काळजी वाटते. तीन मिनिटांत गाणं संपवायचं म्हणून जे कडवं पहिल्यांदा गाळलं जातं ते नेमकं शेवटचं असतं. आणि ‘वामन’ तर तिथेच आहे.

दुसरी काळजी अधिक तातडीची आहे. तोंडी फिरणाऱ्या गाण्याचे पाठ बदलतात. बीडकडे म्हणतात त्या कडव्यात आणि विदर्भात म्हणतात त्या कडव्यात फरक असू शकतो. कवी मोठा झाला की दुसऱ्याची गाणी त्याच्या नावावर जमा होतात, हे कबीराच्या बाबतीत झालंच आहे. दहा हजार गाण्यांतली दादांची नेमकी किती, त्यांचा मूळ पाठ काय, चाल कोणती, हे ठरवायचं तर छापील पुस्तकांवर भागणार नाही. ते गावोगावच्या गायन पार्टीवाल्यांच्या वह्यांत आहे. जाड पुठ्ठ्याच्या, पानं पिवळी पडलेल्या, गाण्याच्या वर चाल टाकलेल्या वह्या. पॉयतवँ आणि राईरकरांनी ओव्यांसाठी जे केलं, म्हणजे गाव, गाणारी, तारीख, विषय अशी नोंद करत एकेक ओवी उतरवून घेतली, ते या गाण्यांसाठी तालुक्यातालुक्यात करता येईल. हातात मोबाइल असलेली चार कॉलेजची मुलं आणि एक पेटीवाला असला तरी सिरसाळ्यापासून सुरुवात होऊ शकते. मात्र उशीर करून चालणार नाही. तरुणपणी दादांच्या मागे उभं राहून ज्यांनी कोरस धरला, ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत.